मोनोक्लोनल अँटिबॉडी वापरून मानवी प्रतिकारपेशींचे उपगट कसे ओळखावेत

रक्ताच्या रंगवलेल्या काचपट्टीवर टी-पेशी आणि बी-पेशी शेजारी शेजारी पडलेल्या असल्या, तरी सरावलेल्या डोळ्यालाही त्यांतली टी कोणती आणि बी कोणती हे सांगता येत नाही. दोन्ही लहान, गोल आणि जवळजवळ संपूर्ण पेशी व्यापणाऱ्या गडद केंद्रकाच्या. फरक असतो तो त्यांच्या पृष्ठभागावरील प्रथिनांत, आणि ती प्रथिने अचूक हेरणारे साधन १९७५ साली हाती आले. जॉर्ज कोलर आणि सेझार मिलस्टीन यांनी मेंढीच्या तांबड्या पेशी टोचलेल्या उंदराच्या प्लीहेतील बी-पेशींचा मायलोमा या कर्करोगाच्या अमर पेशींशी संकर घडवला आणि त्यांतून एकाच प्रकारची, म्हणजे मोनोक्लोनल, अँटिबॉडी अखंड तयार करणाऱ्या पेशींचे वंश मिळवले. या कामासाठी १९८४ साली त्यांना नील्स येर्ने यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

पुढील विवेचन फ्लो सायटोमेट्री, म्हणजे रंगवलेल्या पेशी एकेक करून लेझरसमोरून नेऊन त्यांचा प्रकाश मोजण्याची पद्धत, डोळ्यांसमोर ठेवून केले आहे आणि ते अशा वाचकासाठी आहे ज्याने पिपेट व सेंट्रिफ्यूज हाताळले आहेत, पण स्वतःचे पॅनेल, म्हणजे एकत्र वापरायच्या अँटिबॉडींचा संच, अजून आखलेले नाही. एक गोष्ट आरंभीच लक्षात घ्यावी. मोनोक्लोनल अँटिबॉडीला पेशी ओळखता येत नाही. तिला एखाद्या प्रथिनाच्या पृष्ठभागावरील एक छोटासा भाग, म्हणजे एपिटोप, तेवढा ओळखता येतो. त्यावरून ‘ही सहायक टी-पेशी आहे’ असा निष्कर्ष काढणे हे आपले काम असते, आणि खालील बहुतेक सूचना हा निष्कर्ष कुठे फसतो याभोवतीच फिरतात.

सीडी क्रमांक आणि क्लोन

पेशीसंकराचे हे हायब्रिडोमा तंत्र सर्वत्र पोहोचल्यावर प्रत्येक प्रयोगशाळेने आपापल्या अँटिबॉडींना आपापली नावे दिली. ओकेटी४ आणि ल्यू-३ या दोन वेगळ्या वाटणाऱ्या अँटिबॉडी प्रत्यक्षात एकाच रेणूला चिकटत होत्या. हा गोंधळ सोडवण्यासाठी १९८२ साली पॅरिसमध्ये पहिली आंतरराष्ट्रीय कार्यशाळा भरली, आणि एकाच रेणूला ओळखणाऱ्या अँटिबॉडींचे पुंजके करून त्यांना सीडी (क्लस्टर ऑफ डिफरन्शिएशन) क्रमांक देण्याची पद्धत सुरू झाली. आज हे क्रमांक ३७०च्या पुढे गेले आहेत.

सीडी क्रमांक रेणूचा असतो आणि क्लोनचे, म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशीवंशाचे, नाव अँटिबॉडीचे असते, हा भेद कागदोपत्री वाटला तरी निकालावर थेट परिणाम करतो. सीडी३साठी यूसीएचटी१, एसके७ आणि ओकेटी३ हे क्लोन प्रचलित आहेत. सीडी४साठी एसके३ आणि आरपीए-टी४, तर सीडी८साठी एसके१ आणि आरपीए-टी८. काही व्यक्तींच्या सीडी४ रेणूत जनुकीय भेदामुळे ओकेटी४ला लागणारा एपिटोपच नसतो. अशा व्यक्तीचा नमुना केवळ ओकेटी४ने रंगवला तर सहायक टी-पेशी नाहीशाच झाल्या आहेत असे वाटते. दुसऱ्या क्लोनने त्या नेहमीसारख्या दिसतात. म्हणून अँटिबॉडी मागवताना ‘सीडी४’ एवढेच लिहू नये. क्लोन, फ्लुरोक्रोम (अँटिबॉडीला जोडलेला चमकणारा रंग) आणि ती मानवी प्रथिनाविरुद्ध तपासलेली आहे का, हे तिन्ही पाहावे. उंदराच्या पेशींसाठी बनवलेल्या आणि मानवी पेशींसाठी बनवलेल्या अँटिबॉडी एकाच यादीत शेजारी असतात आणि घाईत चूक होते.

कोणत्या पेशीसाठी कोणते मार्कर

पॅनेल आखण्याआधी प्रश्न एका वाक्यात लिहून काढावा. ‘रक्तातील स्मृती टी-पेशींचे प्रमाण किती’ हा प्रश्न आणि ‘टी, बी आणि एनके (नॅचरल किलर) पेशींची निरपेक्ष संख्या किती’ हा प्रश्न यांना वेगवेगळे मार्कर, म्हणजे ओळख पटवणारी प्रथिने, लागतात, इतकेच नव्हे तर नमुन्याची पूर्वतयारीही वेगळी लागते.

सर्व पांढऱ्या पेशींवर सीडी४५ असते. टी-पेशींची ओळख सीडी३ने होते, आणि त्यांच्यात सीडी४ असलेल्या सहायक व सीडी८ असलेल्या मारक अशी पहिली विभागणी होते. येथे नवशिक्याची ठरलेली चूक म्हणजे खर्च वाचवण्यासाठी सीडी३ गाळणे. मोनोसाइटांवरही सीडी४ कमी प्रमाणात असते आणि काही एनके पेशींवर सीडी८ असते. सीडी३ सोबत नसेल तर या परक्या पेशी टी-पेशींच्या खात्यात जमा होतात.

टी-पेशींची पुढची विभागणी सीडी४५आरए आणि सीसीआर७ या जोडीवर केली जाते. दोन्ही असतील तर पेशी अननुभवी, म्हणजे प्रतिजनाशी अजून गाठ न पडलेली. फक्त सीसीआर७ असेल तर केंद्रीय स्मृती पेशी. दोन्ही नसतील तर परिणामकारी स्मृती पेशी. चौथा गट, ज्यात सीसीआर७ नाही पण सीडी४५आरए पुन्हा प्रकट झालेले आहे, तो विशेषतः सीडी८ पेशींमध्ये लक्षणीय असू शकतो. केवळ सीडी४५आरए पाहून अननुभवी पेशी मोजणाऱ्याच्या आकड्यात हे अनुभवी लढवय्ये नवख्यांच्या रांगेत जाऊन बसतात. सीसीआर७ऐवजी सीडी६२एल वापरता येते, परंतु पेशी गोठवून वितळवताना हे प्रथिन पृष्ठभागावरून गळून पडते, म्हणून गोठवलेल्या नमुन्यांसाठी मी ते सुचवणार नाही.

नियामक टी-पेशींच्या बाबतीत तर एकही मार्कर पुरेसा नाही. सीडी२५ भरपूर आणि सीडी१२७ कमी असलेल्या सीडी४ पेशी घ्याव्यात, आणि शक्य असेल तर पेशीच्या आतील फॉक्सपी३ हे प्रथिन रंगवून खात्री करावी. मात्र मानवी पेशींमध्ये साध्या टी-पेशीही सक्रिय झाल्यावर सीडी२५ वाढवतात आणि काही काळ फॉक्सपी३सुद्धा दाखवतात. त्यामुळे दाहाची स्थिती असलेल्या रुग्णांच्या नमुन्यात या गटाचा आकडा नेहमी सावधपणे वाचावा.

बी-पेशींसाठी सीडी१९ हा पाया आहे. आयजीडी (पृष्ठभागावरील एक इम्युनोग्लोब्युलिन) असून सीडी२७ नसलेल्या पेशी अननुभवी, सीडी२७ असलेल्या बहुतांशी स्मृती पेशी, आणि सीडी२७ व सीडी३८ दोन्ही अतिशय भडक असून सीडी२० मावळलेले असेल तर प्लाझ्माब्लास्ट, म्हणजे अँटिबॉडी स्रवणाऱ्या पेशी. एनके पेशी सीडी३ नसलेल्या आणि सीडी५६ असलेल्या. त्यांत सीडी५६ मंद व सीडी१६ ठळक असा मोठा गट आणि सीडी५६ भडक व सीडी१६ अल्प किंवा शून्य असा छोटा गट असतो. मोनोसाइटांचे सीडी१४ आणि सीडी१६वरून तीन गट होतात: सीडी१४ भरपूर व सीडी१६ नसलेला अभिजात, दोन्ही असलेला मधला, आणि सीडी१४ कमी व सीडी१६ भरपूर असलेला तिसरा. डेंड्रायटिक पेशी विरळ असल्याने त्यांच्यापर्यंत वगळत वगळत पोहोचावे लागते: सीडी३, सीडी१९, सीडी१४ आणि सीडी५६ असलेल्या पेशी बाजूला काढून उरलेल्यांतील एचएलए-डीआर असलेल्या घ्याव्यात, आणि मग सीडी११सी व सीडी१२३वरून त्यांचे दोन मुख्य प्रकार वेगळे करावेत.

रंगांची वाटणी

प्रत्येक अँटिबॉडीला एक फ्लुरोक्रोम जोडलेला असतो आणि सायटोमीटर त्याचा प्रकाश मोजतो. वाटणीचा नियम साधा आहे: विपुल प्रथिनाला मंद रंग, विरळ प्रथिनाला तेजस्वी रंग. सीडी४५, सीडी८ किंवा सीडी४५आरए यांना एफआयटीसीसारखा मंद रंग चालतो. सीडी२५, सीडी१२७ आणि सीसीआर७ यांच्यासाठी पीई किंवा एपीसीसारखे तेजस्वी रंग राखून ठेवावेत.

दुसरा नियम थोडा सूक्ष्म आहे. एका रंगाचा प्रकाश दुसऱ्याच्या शोधकातही सांडतो. ही गळती कॉम्पेन्सेशन या गणिताने वजा करता येते, पण तिच्यामुळे आलेला पसारा तसाच उरतो आणि त्यात मंद संकेत बुडून जातात. म्हणून एकाच पेशीवर एकत्र आढळणारे मार्कर एकमेकांत सांडणाऱ्या रंगांवर ठेवू नयेत. जे मार्कर एका पेशीवर कधीच एकत्र येत नाहीत, उदाहरणार्थ सीडी३ आणि सीडी१९, त्यांना असे शेजारी चालतात.

टँडेम रंगांत, म्हणजे पीई-सीवाय७सारख्या दोन रेणूंच्या जोडीत, एक रेणू प्रकाश शोषून दुसऱ्याला देतो. उजेडाने किंवा फॉर्माल्डिहाइडने ही जोडी तुटली की पीई-सीवाय७ पीईसारखा प्रकाशू लागतो आणि नसलेला पीई-मार्कर दिसू लागतो. टँडेमच्या बाटल्या अंधारात आणि ४ अंश सेल्सिअसला ठेवाव्यात. त्या कधीही गोठवू नयेत. ब्रिलियंट व्हायोलेट कुळातील दोन किंवा अधिक रंग एकत्र वापरताना ते एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यांच्यासाठीचे खास बफर घालावे.

अँटिबॉडी किती घालावी

बाटलीवर छापलेले प्रमाण ही केवळ सुरुवात आहे. एकाच पेशीसंख्येवर अँटिबॉडीचे दरवेळी निम्मे होत जाणारे सहा ते आठ पातळ नमुने रंगवावेत आणि प्रत्येकासाठी स्टेन इंडेक्स काढावा: धन (मार्कर असलेल्या) पेशींच्या मध्यक तेजातून ऋण (मार्कर नसलेल्या) पेशींचे मध्यक तेज वजा करून, येणाऱ्या संख्येला ऋण पेशींच्या प्रमाण विचलनाच्या दुपटीने भागावे. हा आकडा सर्वांत मोठा येतो तेथील प्रमाण निवडावे. अँटिबॉडी जास्त झाली की धन पेशी फारशा उजळत नाहीत, ऋण पेशी मात्र चढू लागतात. नवी खेप आली की ही तपासणी पुन्हा करावी. कंटाळवाणे काम आहे, पण एका दुपारचे आहे.

नमुना आणि रंगवणी

मानवी रक्त नेहमी संसर्गजन्य मानूनच हाताळावे: हातमोजे, जैवसुरक्षा कक्ष आणि शक्य तेथे झाकणबंद सेंट्रिफ्यूज. रक्त ईडीटीए किंवा हेपॅरिनच्या नळीत घ्यावे, खोलीच्या तापमानाला ठेवावे आणि २४ तासांच्या आत रंगवावे. अख्खे रक्त फ्रिजमध्ये ठेवण्याचा मोह टाळावा.

यानंतर दोन वाटा आहेत. उपगटांचे प्रमाण किंवा संख्या हवी असेल तर अख्खे रक्त रंगवून नंतर तांबड्या पेशी विरघळवणे चांगले, कारण हाताळणी कमी आणि पेशींची गळतीही कमी. पेशी साठवायच्या असतील किंवा पुढे त्यांच्यावर प्रयोग करायचे असतील, तर १.०७७ ग्रॅम प्रति मिलिलिटर घनतेच्या द्रावणावर रक्त थरून एककेंद्रकी पेशी वेगळ्या कराव्यात. मात्र या वाटेने न्यूट्रोफिल बहुतेक खाली निघून जातात, हे लक्षात ठेवावे.

अख्ख्या रक्तासाठी १०० मायक्रोलिटर रक्त नळीच्या तळाशी सोडावे. भिंतीवर ओघळ राहू देऊ नये, कारण त्यातल्या न रंगलेल्या पेशी नंतर ऋण गट म्हणून मोजल्या जातात. अँटिबॉडींचे मिश्रण घालून १५ ते २० मिनिटे अंधारात ठेवावे, मग अमोनियम क्लोराइडचे द्रावण घालून सुमारे १० मिनिटे तांबड्या पेशी फुटू द्याव्यात आणि नंतर पेशी धुवाव्यात. आयजीडी किंवा इतर पृष्ठस्थ इम्युनोग्लोब्युलिन रंगवायचे असेल, तर रक्त आधी दोन-तीनदा धुणे अपरिहार्य आहे. प्लाझ्मातील विरघळलेले इम्युनोग्लोब्युलिन नाही तर सगळी अँटिबॉडी वाटेतच गिळून टाकते आणि बी-पेशी कोऱ्या दिसतात.

वेगळ्या केलेल्या पेशींसाठी सुमारे १० लाख पेशी १०० मायक्रोलिटर बफरमध्ये घ्याव्यात. बफर म्हणजे फॉस्फेट सलाइन, त्यात १ ते २ टक्के सीरम आणि पेशींचे गठ्ठे होऊ नयेत म्हणून २ मिलिमोलर ईडीटीए. मृत पेशी जवळजवळ कोणत्याही अँटिबॉडीला चिकटतात, म्हणून जिवंतपणा दाखवणारा रंग ऐच्छिक समजू नये. प्रथिनांच्या अमाइन गटांना चिकटणारा पक्का रंग वापरत असाल तर ती पायरी प्रथिनविरहित सलाइनमध्ये आणि सर्वांत आधी करावी, अन्यथा बफरमधले सीरमच रंगून जाते. पेशी पुढे स्थिर करायच्या नसतील तर मृत पेशींत शिरणारा ७-एएडी हा रंग शेवटी घालणे सोपे पडते.

यानंतर एफसी ग्राही झाकावेत. मोनोसाइट आणि एनके पेशी या ग्राहींनी अँटिबॉडीचे शेपूट पकडतात. मानवी आयजीजी ५ ते १० मिनिटे आधी घातले की ही पकड बरीचशी सुटते. पीई-सीवाय५सारखे काही टँडेम रंग मात्र मोनोसाइटांना स्वतंत्रपणेही चिकटतात. मग अँटिबॉडींचे मिश्रण घालून ४ अंशांवर अंधारात २० ते ३० मिनिटे ठेवावे. सीसीआर७ व इतर केमोकाइन ग्राही यांना थंडी मानवत नाही. त्यांची अँटिबॉडी आधी ३७ अंशांवर १५ मिनिटे लावून मग बाकीच्या घालाव्यात. दोनदा धुवावे, ३०० ते ४०० जी वर ५ मिनिटे फिरवावे, आणि त्याच दिवशी यंत्रावर चढवावे. तसे जमणार नसेल तर १ टक्का पॅराफॉर्माल्डिहाइडमध्ये स्थिर करावे.

कंट्रोल

प्रत्येक रंगाचा एकेरी रंगवलेला कंट्रोल कॉम्पेन्सेशनसाठी लागतो. त्याचा धन गट प्रत्यक्ष नमुन्याइतका किंवा त्याहून तेजस्वी असावा, रंग तोच असावा, आणि टँडेमच्या बाबतीत खेपही तीच असावी.

धन आणि ऋण यांची सीमा ठरवायला ‘एक वजा’ कंट्रोल, म्हणजे एफएमओ, सर्वांत उपयोगी: पॅनेलमधील सगळ्या अँटिबॉडी, फक्त शंका असलेली एक सोडून. सीडी३ किंवा सीडी१९ यांचे गट इतके स्पष्ट तुटलेले असतात की तेथे याची गरज नसते. सीडी२५, सीसीआर७ आणि सीडी३८ यांच्यासाठी तो टाळू नये. आयसोटाइप कंट्रोलवर (त्याच वर्गाची, पण पेशींवरील काहीच न ओळखणारी अँटिबॉडी) अजूनही पुष्कळ लोक सीमा आखतात. ती अँटिबॉडी वेगळी, तिचे प्रमाण वेगळे, आणि रंगाची गळती ती दाखवतच नाही. तिचा उपयोग फार तर चिकटपणाचा अंदाज घेण्यापुरता. याशिवाय आधी तपासलेल्या एका निरोगी व्यक्तीचा नमुना प्रत्येक फेरीत सोबत चालवावा. फेरी बिघडली तर पहिली कुणकुण त्यातूनच लागते.

गेट लावताना

गेट म्हणजे हव्या त्या पेशी निवडण्यासाठी आलेखावर आखलेली सीमा. गेटांचा क्रम ठरलेला असावा. प्रथम वेळेच्या अक्षावर प्रवाह स्थिर होता का ते पाहून अडखळलेला भाग काढावा. मग पुढे विखुरलेल्या प्रकाशाचे क्षेत्रफळ आणि उंची यांच्या आलेखावर कर्णरेषेवरच्या एकट्या पेशी घ्याव्यात. चिकटलेल्या जोड्या राहिल्या तर सीडी३ आणि सीडी१९ दोन्ही असलेली ‘नवी’ पेशी सापडते आणि उगाच आनंद होतो. नंतर मृत पेशी वगळाव्यात, सीडी४५ आणि बाजूला विखुरलेला प्रकाश यांवरून लिम्फोसाइट व मोनोसाइट वेगळे करावेत, आणि मगच उपगटांकडे वळावे. सक्रिय झालेल्या पेशी आकाराने मोठ्या असतात, म्हणून लिम्फोसाइटांचे गेट फार आवळू नये.

किती पेशी मोजाव्यात हे सर्वांत दुर्मीळ गटावरून ठरते. मोजणीतील सापेक्ष त्रुटी मोजलेल्या संख्येच्या वर्गमुळाने कमी होते: १०० पेशींवर ती सुमारे १० टक्के, ४०० पेशींवर ५ टक्के. लिम्फोसाइटांत ०.१ टक्का असलेल्या गटाच्या ४०० पेशी हव्या असतील तर ४ लाख लिम्फोसाइट मोजावे लागतील, आणि तेवढे रक्त मुळात रंगवले आहे का हे आधीच पाहावे.

आकडा देण्यापूर्वी

दोन बेरजा करून पाहाव्यात. टी, बी आणि एनके यांची टक्केवारी मिळून लिम्फोसाइटांच्या १०० टक्क्यांच्या जवळ यावी. फार कमी आली तर गेटमध्ये मोनोसाइट किंवा कचरा शिरला आहे. सीडी४ आणि सीडी८ टी-पेशींची बेरीज एकूण सीडी३च्या जवळ यावी. मोठा फरक दिसला तर दोन्ही नसलेल्या टी-पेशी, ज्यांत गॅमा-डेल्टा प्रकार येतो, खरोखर वाढल्या आहेत की एखादी अँटिबॉडी नळीत पडलीच नाही, हे तपासावे.

रुग्ण स्वतः मोनोक्लोनल अँटिबॉडीचे उपचार घेत असेल तर ते विचारून घ्यावे. रिटुक्सिमॅब सीडी२०वर बसते, म्हणून बी-पेशी सीडी१९ने मोजाव्यात. डॅराट्युमुमॅब सीडी३८ झाकते आणि प्लाझ्माब्लास्ट नसल्याचा भास निर्माण करते.

निरपेक्ष संख्या हवी असेल तर ठाऊक संख्येचे मणी असलेली नळी वापरावी आणि धुण्याची पायरी गाळावी, कारण धुताना पेशी व मणी दोन्ही निसटतात. समजा नळीत ५०,००० मणी आहेत, रक्त १०० मायक्रोलिटर घातले, आणि यंत्राने १०,००० मणी व १६,००० सीडी४ टी-पेशी मोजल्या. पेशी भागिले मणी म्हणजे १.६, त्याला दर मायक्रोलिटर रक्तामागच्या ५०० मण्यांनी गुणले की ८०० पेशी प्रति मायक्रोलिटर हे उत्तर येते. येथे पिपेटमधली ५ टक्क्यांची चूक उत्तरातही ५ टक्क्यांचीच राहते, म्हणून रक्त घालणारे पिपेट नियमितपणे तपासलेले असावे.

टक्केवारी देताना छेद कोणता हे प्रत्येक ओळीत लिहावे. ‘सीडी४ ४० टक्के’ हे लिम्फोसाइटांचे की टी-पेशींचे, यावर निकालाचा अर्थ उलटसुलट होऊ शकतो. सोबत क्लोन, फ्लुरोक्रोम, खेप क्रमांक, रक्त घेतल्याची आणि रंगवल्याची वेळ, आणि गेटचा क्रम दाखवणारे आलेख जोडावेत, म्हणजे सहा महिन्यांनी त्याच रुग्णाचा दुसरा नमुना आला तर फरक पेशींत पडला आहे की पद्धतीत, हे ताडून पाहता येईल.